ट्रेनरवरचे किलोमीटर जुळत नसतील तर आधी भागाकार करा

घड्याळावर १३.१, हँडलवरच्या सायकल कंप्युटरवर २१.१ आणि लॅपटॉपवरच्या झ्विफ्ट या आभासी सायकलिंगच्या अ‍ॅपमध्ये १८.२. राइड एकच, पाऊण तासाची, बेडरूममध्ये लावलेल्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर. जून लागला, पुण्यातल्या रस्त्यांवर पाणी साचायला लागलं आणि लोकांनी माळ्यावरचे ट्रेनर खाली काढले, की असे स्क्रीनशॉट मला यायला लागतात. सोबतचा प्रश्न ठरलेला: "काकू, यातला खरा आकडा कुठला?"

मलाच का विचारतात, तर माझी नोकरी मोजमापाची होती. भोसरीतल्या एका कारखान्यात मी गेज रूम सांभाळायचे. मायक्रोमीटर, डायल, प्रेशर गेज, टॉर्क रेंच, जे येईल ते तपासायचं आणि त्यावर तारखेचा स्टिकर लावायचा. त्या खोलीत "खरा कुठला" असं कोणी विचारत नसे. विचारायचं ते असं: हे साधन नेमकं काय मोजतंय? आणि आज जेवढं दाखवलं तेवढंच ते उद्याही दाखवेल का? ट्रेनरच्या आकड्यांनाही हेच दोन प्रश्न याच क्रमाने विचारा. तीन साधनं तीन वेगळ्या गोष्टी मोजत असतील, तर त्यांचे आकडे जुळावेत ही अपेक्षाच चूक.

आकडा येतो कुठून

पहिली वाट चाकावरच्या स्पीड सेन्सरची. जुन्या पद्धतीत स्पोकला छोटा मॅग्नेट आणि फ्रेमला सेन्सर असतो. नव्या पद्धतीत हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, रबराने अडकवलेली एक डबी असते, तिला मॅग्नेट लागत नाही. दोन्ही फक्त फेऱ्या मोजतात. किलोमीटर कंप्युटर काढतो: फेऱ्या गुणिले चाकाचा परीघ. रिक्षाच्या मीटरचं जे गणित तेच हे. त्यामुळे परीघ चुकीचा भरला की सगळंच चुकतं, आणि चाक हवेत फिरो की रस्त्यावर, सेन्सरला त्याचं देणंघेणं नसतं.

दुसरी वाट खुद्द ट्रेनरची. स्मार्ट ट्रेनर आपल्या रोलरच्या (ज्यावर मागचा टायर टेकतो) किंवा फ्लायव्हीलच्या (जड फिरती चकती) फेऱ्यांवरून वेग काढतो आणि अँट प्लस या बिनतारी सिग्नलने किंवा ब्लूटूथने पाठवतो. मागचं चाक काढून फ्रेम थेट ट्रेनरवर बसवायची पद्धत असेल, म्हणजे डायरेक्ट ड्राइव्ह, तर चाकच नाही. तिथे ट्रेनर एक काल्पनिक चाक गृहीत धरतो.

तिसरी वाट अ‍ॅपची. झ्विफ्टच्या पडद्यावरचा वेग तुमच्या चाकाचा नसतोच. तुम्ही किती वॅट पॉवर लावताय, तुमचं वजन आणि उंची किती, त्या जगातला चढ किती, तिथली सायकल आणि चाकं कुठली, पुढे कोणी चाललंय का, यावरून तो वेग हिशेबाने काढलेला असतो.

चौथी वाट जीपीएसची, आणि घरात ती लगेच बंद करावी. छताखाली सिग्नल भरकटतो, घड्याळ बसल्या जागी आपल्याला शेजारच्या इमारतीत नेऊन आणतं आणि त्याचे किलोमीटर लावतं. घड्याळात आणि कंप्युटरमध्ये इनडोअर सायकलिंगचा वेगळा प्रोफाइल असतो, तो निवडला की जीपीएस बंद होतो. बाल्कनीत ट्रेनर लावणाऱ्यांनी याकडे जास्त लक्ष द्यावं. तिथे अर्धवट सिग्नल मिळतो आणि घड्याळाला वाटतं आपण बाहेर पडलो.

तुमच्या पडद्यावरचा आकडा कुठल्या वाटेने आलाय ते ओळखायला दोन मिनिटं पुरतात. एका लयीत पेडल मारत राहा आणि कोणाला तरी एकेक गोष्ट बंद करायला सांगा: आधी सेन्सर काढा, मग ट्रेनरची वायर. ज्यासरशी आकडा शून्यावर येतो, तो तिथून येत होता. घरात मदतीला कोणी नसेल तर गिअरवरून ओळखा. पेडलची लय तीच ठेवून मागचा गिअर दोन पायऱ्या जड करा. वेग त्याच क्षणी उडी मारून वर गेला तर तो चाकाच्या फेऱ्यांचा. हळूहळू, वॅटच्या मागून चढला तर तो अ‍ॅपचा हिशेब.

भागाकार

आता मूळ युक्ती. दोन आकड्यांची वजाबाकी करू नका, भागाकार करा. लोक मला सांगतात "तीन किलोमीटरचा फरक येतोय". तीन किलोमीटरवरून मला काही कळत नाही. एकाला दुसऱ्याने भागलं की जो आकडा येतो, तो बऱ्याचदा दोषाचं नाव-गावच सांगतो.

वरच्या उदाहरणात २१.१ भागिले १३.१ म्हणजे १.६१. एका मैलात १.६०९ किलोमीटर असतात. घड्याळ मैलांत होतं, बास. (धावणाऱ्यांनी हे दोन आकडे बघताक्षणी ओळखले असतील. अर्ध्या मॅरेथॉनचे आहेत.)

भागाकार १.०९ किंवा उलट बाजूने ०.९२ च्या आसपास आला तर चाकाची साइज तपासा. कंप्युटरमध्ये रोड सायकलच्या ७०० बाय २३ टायरचा परीघ आहे, २०९६ मिमी, आणि ट्रेनरवर चढवली आहे २९ इंची एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, जिचा परीघ २.१ इंची टायरला साधारण २२८८ मिमी येतो. मग २० किलोमीटर झाले की कंप्युटर १८.३ च दाखवणार.

बरोबर ३ च्या जवळ आला, तर परिघाच्या रकान्यात कोणीतरी टायरवर छापलेला ७०० हा आकडा भरलाय. तो परीघ नव्हे, व्यासाचं ढोबळ माप आहे. बरोबर १० पट आला तर मिलिमीटर आणि सेंटीमीटरचा घोळ. बरोबर दुप्पट आला तर स्पोक बघा. जुनी सायकल विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाचा मॅग्नेट तिथेच राहिलेला असू शकतो, आणि एका फेरीला दोन ठोके पडतात.

आणि भागाकार दर वेळी वेगळा आला तर? तेव्हा सेटिंगच्या मागे लागू नका. सेटिंगची चूक रोज त्याच प्रमाणात चुकते. बदलता भागाकार म्हणजे टायर घसरतोय, सिग्नल तुटतोय किंवा तुम्ही चाकाच्या वेगाची तुलना अ‍ॅपच्या वेगाशी करताय. २१.१ आणि १८.२ चा भागाकार १.१६ येतो. हा आकडा कशाचाच नाही, दुसऱ्या दिवशी गिअर बदलला की तो बदलेल.

भागाकार पूर्ण राइडचा घेऊ नका. कंप्युटर आधी सुरू केलेला असतो, झ्विफ्ट नंतर, मध्ये दूधवाला येतो, एकाचा ऑटो-पॉज (थांबलात की मोजणी आपोआप थांबवणारी सोय) चालू असतो आणि दुसऱ्याचा नाही. ऑटो-पॉज ट्रेनरवर बंदच ठेवावा. एका लयीत दहा मिनिटं चालवायचं, सुरुवातीला आणि शेवटी सगळ्या पडद्यांचा मिळून एकच फोटो काढायचा आणि फक्त त्या दहा मिनिटांतलं अंतर भागायचं.

परीघ मोजून घ्या, तक्त्यावरून उचलू नका

तक्ते असतात. ७०० बाय २५ ला २१०५, २८ ला २१३६, ३२ ला २१५५, २६ बाय १.९५ ला २०५०, सगळे मिमीमध्ये. कामचलाऊ म्हणून ठीक. पण तुमचा टायर, तुमची हवा आणि तुमचं वजन यांचं माप काढायला पार्किंगची फरशी आणि सुताराची टेप पुरते.

मागच्या चाकात ट्रेनरवर ठेवता तेवढीच हवा भरा. व्हॉल्व्ह बरोबर खाली आणून फरशीवर खडूने रेघ मारा. सायकलवर बसा, कोणाला तरी हँडल धरायला सांगा आणि सरळ रेषेत तीन फेऱ्या पुढे जा. व्हॉल्व्ह तिसऱ्यांदा खाली आला की दुसरी रेघ. मधलं अंतर ६ मीटर ३१ सेंटीमीटर भरलं तर परीघ ६३१० भागिले ३, म्हणजे २१०३ मिमी. एकाच फेरीचं माप घेतलं तर खडूच्या रेघेच्या जाडीनेसुद्धा फरक पडतो, म्हणून तीन.

माप मागच्या चाकाचंच घ्या. ट्रेनरसाठी कडक रबराचा वेगळा टायर चढवला असेल तर तो पुढच्यापेक्षा निराळ्या साइजचा असण्याची शक्यता मोठी. मात्र २३ च्या जागी २५ भरलं गेलं म्हणून झोप उडवून घेऊ नका. ९ मिमीचा फरक म्हणजे अर्धा टक्काही नाही, २० किलोमीटरला ८६ मीटर.

गार्मिनच्या काही कंप्युटरांमध्ये परीघ "ऑटो"वर असतो. बाहेर चालवताना कंप्युटर जीपीएसच्या अंतरावरून तो स्वतः ठरवून ठेवतो. सोय चांगली, पण नवा सेन्सर एकदाही बाहेर नेला नसेल तर त्याला ठरवायला काही मिळालेलंच नसतं. तोच सेन्सर एका सायकलवरून काढून दुसऱ्या सायकलला लावला तर जुना परीघ सोबत येतो. घरात वापरायचा असेल तर "मॅन्युअल" करा आणि मोजलेला आकडा भरा.

आणि हो, सेन्सर मागच्या हबला हवा. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. ट्रेनरवर पुढचं चाक फिरत नाही. "किलोमीटर शून्यच येतात" अशी तक्रार आली की मी आधी पुढच्या चाकाचा फोटो मागवते.

डायरेक्ट ड्राइव्ह असेल तर गिअरने तपासा

इथे खडू आणि टेप उपयोगाची नाही, पण त्याहून सोपी परीक्षा आहे. पेडलची मिनिटाची लय, पुढच्या चेनरिंगचे दाते, मागच्या दातेरी चकतीचे दाते आणि परीघ एवढं माहीत असलं की वेग कागदावर काढता येतो. समजा लय ९०, पुढे ५०, मागे १७. पन्नास भागिले सतरा म्हणजे २.९४, त्याला ९० ने गुणलं की चाकाच्या मिनिटाला २६४.७ फेऱ्या. गुणिले २.१०५ मीटर, गुणिले ६०. आले ताशी ३३.४ किलोमीटर.

ट्रेनर ३३ च्या आसपास दाखवत असेल तर तो गृहीत चाकाचा वेग देतोय आणि नीट देतोय. ठरावीक टक्क्यांनी सतत कमी-जास्त असेल तर ट्रेनरच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये किंवा कंप्युटरच्या सेन्सर यादीत त्याच्यापुढे परीघ भरायची जागा शोधा. काही संबंधच लागत नसेल तर तो हिशेबाने काढलेला आभासी वेग आहे. मागे एकच चकती असते आणि गिअर बटणाने अ‍ॅपमध्ये बदलतात, अशा नव्या ट्रेनरांवर ही परीक्षा बाद. तिथे खरा गिअर कधी बदलतच नाही, त्यामुळे कंप्युटर थेट ट्रेनरला जोडला तर तो जो वेग दाखवेल त्याला काही अर्थ नाही.

एक घोळ हमखास सापडतो. कंप्युटरला स्पीड सेन्सरही जोडलेला असतो आणि ट्रेनरही. कोणाचं ऐकायचं हे कंप्युटर स्वतः ठरवतो आणि तुम्हाला सांगत नाही. इनडोअर प्रोफाइलमध्ये दोघांपैकी एकच ठेवा. माझी पसंती चाकावरच्या ट्रेनरला हबच्या सेन्सरची, डायरेक्ट ड्राइव्हला ट्रेनरची.

टायर घसरत असेल तर

चाकावरच्या ट्रेनरमध्ये टायर आणि रोलर यांची पकड हा सगळा खेळ आहे. पकड सैल असली की जोर लावल्यावर चाक जास्त फिरतं, रोलर कमी. चाकाचा सेन्सर फुशारकीचा आकडा देतो, ट्रेनर त्याहून कमी सांगतो, आणि दोघांचा भागाकार प्रत्येक स्प्रिंटला हलतो.

तपासायचं असं. टायरमध्ये हवा नेहमीएवढी, रोडच्या टायरला बहुतेक ट्रेनरवाले १०० पीएसआयच्या आसपास सांगतात, पण टायरच्या कडेवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. रोलर टायरला नुसता टेकेल इथपर्यंत नॉब फिरवा, मग ट्रेनरच्या पुस्तिकेत सांगितलेत तेवढे आटे पुढे, साधारण दोन ते तीन. आता फ्लायव्हील एका हाताने घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने चाक झटक्यात फिरवून बघा. टायर रोलरवर सरकला तर अर्धा आटा आणखी. सरकत नसेल तर तिथेच थांबा. जास्त आवळलं की टायर लवकर झिजतो आणि पेडल उगाच जड होतं. टायर स्पिरिटच्या फडक्याने पुसून घ्या, चेनचं तेल त्यावर हमखास उडालेलं असतं. आवळलेले आटे वहीत लिहून ठेवा, राइड झाली की रोलर सैल सोडा, पुढच्या वेळी तेवढेच आटे.

पहिली दहा मिनिटं आकड्यांकडे बघूच नका. टायर तापतो, त्यातली हवा तापते, फ्लुइड ट्रेनरमधलं, म्हणजे तेलाने विरोध देणाऱ्या ट्रेनरमधलं, तेल तापून पातळ होतं, आणि त्याच मेहनतीला वेग हळूहळू वाढत जातो. तुमची ताकद वाढलेली नसते.

आकडा मध्येच शून्यावर जातो

मॅग्नेटचा सेन्सर असेल तर आधी अंतर बघा. मॅग्नेट आणि सेन्सर यांच्यात ५ मिमीपेक्षा जास्त फट नको, आणि मॅग्नेट सेन्सरवरच्या खुणेसमोरून गेला पाहिजे. मग सेल. डबीत बहुधा सीआर २०३२ असतो, पावसाळ्याच्या सुरुवातीला नवा टाकायचा. बाकी राहिला सिग्नल. अँट प्लस, ब्लूटूथ आणि बहुतेक घरांतलं वायफाय हे सगळे २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास एकाच गर्दीत बोलतात. लॅपटॉपच्या यूएसबी ३ पोर्टमध्ये अँट प्लसचा डोंगल (सिग्नल पकडणारी छोटी काडी) खुपसला तर पोर्टचाच गोंगाट त्यात मिसळतो. मीटर-दोन मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घ्या आणि डोंगल ट्रेनरच्या पायाशी आणून ठेवा. माझ्या बघण्यात एवढ्यावर बऱ्याच तक्रारी मिटल्या आहेत.

सेन्सर कंप्युटरला सापडतच नसेल तर फोनचं ब्लूटूथ बंद करून बघा. अनेक जुने सेन्सर ब्लूटूथवर एका वेळी एकाच साधनाशी बोलतात, आणि फोनमधल्या एखाद्या अ‍ॅपने तो आधीच अडवलेला असतो. अँट प्लसला ही अडचण नाही, तो सगळ्यांना ऐकू जातो.

सिग्नल दोन-चार सेकंद तुटला म्हणून किलोमीटर बुडाले असं समजू नका. हे सेन्सर वेग पाठवत नाहीत, आतापर्यंतच्या एकूण फेऱ्या पाठवतात. जोडणी परत आली की कंप्युटर मधल्या फेऱ्या धरून घेऊ शकतो. आलेख खालवर दिसतो, अंतर बहुतेकदा वाचतं.

सगळं बरोबर केलं तरी रस्त्याशी जुळणार नाही

इथे लोक निराश होतात. परीघ मोजला, पकड तपासली, भागाकार १.०० आला, आणि तरी ट्रेनरवर ताशी २४ ला जीव जातो, रस्त्यावर तेवढ्याच दमात २८ निघतं.

त्याचं कारण अडथळ्याच्या स्वभावात आहे. रस्त्यावर वेग वाढला की मुख्य विरोध हवेचा, आणि त्यासाठी लागणारी पॉवर वेगाच्या घनाने वाढते. सायकलसकट ८० किलो वजन, हात ब्रेकच्या हुडवर, डांबर चांगलं, वारा नाही, असा ढोबळ हिशेब केला तर १०० वॅटला ताशी २४-२५, १५० ला २८-२९ आणि २०० ला ३२ च्या आसपास वेग येतो. पॉवर दुप्पट, वेग फक्त ७-८ ने जास्त.

ट्रेनरला ना वारा ना तुमचं वजन. त्याचा विरोध मॅग्नेट किंवा तेल ठरवतं. स्वस्त मॅग्नेटिक ट्रेनरचा विरोध वेगाबरोबर साधारण सरळ रेषेत वाढतो, त्यामुळे हलक्या सेटिंगला ताशी ४० सहज दिसतं आणि माणूस खूश होतो. फ्लुइड ट्रेनर रस्त्याच्या वळणाने जातात पण नेमके तसे नाहीत. कुर्ट कायनेटिक कंपनीच्या रोड मशीन या फ्लुइड ट्रेनरचं सूत्र प्रसिद्ध आहे: वेग मैलांत घेऊन त्याला ५.२४४८२ ने गुणायचं, त्यात वेगाचा घन गुणिले ०.०१९१६८ मिळवायचा, की वॅट येतात. ताशी १५ मैल, म्हणजे २४ किलोमीटरला त्यावर १४३ वॅट लागतात. रस्त्यावर १४३ वॅटला २८ निघेल. वरच्या तक्रारीचं उत्तर हेच. सायकल ठीक आहे, सेन्सर ठीक आहे, ट्रेनर जड आहे.

एर्ग मोडमध्ये तर वेगाचा आकडा झाकूनच टाकावा. त्या मोडमध्ये ट्रेनर वॅट धरून ठेवतो, गिअर कुठलाही असो. वॅट १५०, लय ८५. पुढे ५० मागे १५ असेल तर चाकाचा वेग ताशी ३५.८. पुढे ३४ मागे २३ केलं तर १५.९. पायांना मेहनत तीच, घामही तोच, तासाभरात अंतर एकदा ३६ आणि एकदा १६. आमच्या इमारतीतला एक मुलगा कळल्यापासून एर्ग मोडला मोठ्या चेनरिंगवरच बसतो आणि महिन्याच्या किलोमीटरमध्ये पहिला येतो. खालच्या मजल्यावरच्यांना फ्लायव्हीलचा आवाज जास्त येतो, ते वेगळंच.

अ‍ॅपमधला वेग त्यामानाने न्याय्य, पण तो वॅटवर आणि तुम्ही भरलेल्या वजनावर उभा आहे. वजन आज काट्यावर जे दिसलं ते भरा, लग्नातलं नको. चाकावरचा स्मार्ट ट्रेनर असेल तर स्पिनडाउन करा: दहा मिनिटं तापवून घ्यायचं, अ‍ॅपमध्ये कॅलिब्रेशन निवडायचं, सांगितलेल्या वेगापर्यंत न्यायचं आणि पेडल सोडून द्यायचं. ब्रेकला हात लावायचा नाही. हवा बदलली किंवा नॉब हलला की पुन्हा. साधा ट्रेनर आणि फक्त स्पीड सेन्सर असेल तर झ्विफ्ट तुमच्या ट्रेनरच्या मॉडेलच्या आलेखावरून वॅट अंदाजतं, म्हणून यादीतून मॉडेल बरोबर निवडलंय ना ते बघा. तिथे परीघ चुकला तर वॅटही चुकतात.

मग वहीत काय लिहायचं

वेळ, सरासरी वॅट, नाडीचे ठोके. वॅट नसतील तर वेळ आणि ठोके. किलोमीटर लिहायचेच असतील तर कुठल्या साधनाचे ते शेजारी लिहा आणि हंगामभर साधन बदलू नका. बीआरएमची, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडची, तयारी करणाऱ्यांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते. २०० किलोमीटरच्या बीआरएमला १३ तास ३० मिनिटं असतात, थांबे धरून सरासरी ताशी १४.८ पुरते. तिथे प्रश्न किती तास खोगिरावर बसता येतं याचा आहे. ट्रेनरवर "शंभर किलोमीटर झाले" यातून ते कळत नाही, "साडेतीन तास झाले, ठोके १३० च्या आत" यातून कळतं. ट्रेनरचा एक तास म्हणजे रस्त्याचा दीड, असले गुणक लोक वापरतात, मी वापरत नाही.

साधा ट्रेनर असलेल्यांसाठी माझी आवडती परीक्षा फुकटची आहे. दहा मिनिटं तापवल्यावर ताशी ३० पर्यंत न्या, पेडल सोडा आणि चाक पूर्ण थांबायला किती सेकंद लागतात ते मोजा. तीनदा करा, मधला आकडा वहीत. पुढच्या आठवड्यात सेकंद कमी भरले तर रोलर जास्त आवळलाय किंवा हवा उतरलीय, त्या दिवशी वेग कमी दिसेल. सेकंद वाढले तर उलट. नॉब आणि पंप वापरून सेकंद जुळवा, मगच मागच्या आठवड्याच्या वेगाशी तुलना करा. आमच्या गेज रूममध्ये मास्टर पीस असायचा, सकाळी आधी त्यावर गेज लावून बघायचं आणि मग काम सुरू. इथे मास्टर पीस म्हणजे हे सेकंद.

स्ट्राव्हावर, म्हणजे राइड नोंदवायच्या अ‍ॅपवर, एकच फाइल चढवा. कंप्युटर आणि झ्विफ्ट दोघांनाही आपोआप अपलोड करायची सवय असते, आणि एका राइडची दोन होऊन बसतात. झ्विफ्ट वापरत असाल तर त्याची ठेवा, कंप्युटरचं आपोआप अपलोड पावसाळ्यापुरतं बंद करा.

पाऊस संपून बाहेर पडायच्या आदल्या रात्री तीन गोष्टी उलट्या करा. कंप्युटर आउटडोअर प्रोफाइलवर, नाहीतर सिंहगडापर्यंत जाऊन याल आणि नकाशा कोरा. ऑटो-पॉज हवा असेल तर परत चालू. आणि ट्रेनरचा कडक टायर काढून रस्त्याचा टायर चढवा. तो रोलरसाठी बनवलेला असतो, ओल्या डांबरावर त्याची पकड नसते. टायर बदलला की परीघही बदलला, तेव्हा टेप हाताशीच ठेवा.